वहीत न लिहिलेलं प्रेशर

चिंचवडच्या एका कंपनीच्या दवाखान्यात मी चांगली बारा वर्षं नर्स होते. दवाखाना म्हणजे मशीन शॉपच्या भिंतीला चिकटलेल्या दोन खोल्या. एकीत डॉक्टरांचं टेबल, दुसरीत दोन लोखंडी खाटा, औषधांचं कपाट आणि मी. डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे, तेही जेमतेम दोन तास. उरलेल्या वेळात तिथे माझं राज्य होतं आणि ते मी अगदी मन लावून करायचे. माझा स्वभाव तेव्हा तापट होता, आताही आहे. कामगार मला माझ्या पाठीमागे काय म्हणायचे ते मला पक्कं माहीत होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही.

माझ्या दवाखान्यात एक नियम होता. कुणाचं ब्लडप्रेशर बघायचं असेल तर त्याने आधी खाटेवर पंधरा मिनिटं गप्प पडायचं. बोलायचं नाही, बिडी ओढायची नाही, उठून खिडकीशी जायचं नाही. आल्या आल्या मी एकदा पट्टा बांधून बघायची, पण ते नुसतं माझ्या अंदाजासाठी. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची आणि तो आकडा वहीत लिहायची. पहिलं माझं, दुसरं वहीचं. पंधरा मिनिटं पडायचं हे सगळ्या शॉपला पाठ होतं; कुठला आकडा लिहायचा आणि का, ते मी कुणाला सांगत नसे.

हा नियम मी उगाच केला नव्हता. नोकरी लागली त्याच वर्षी दोन तात्पुरते कामगार कायम होण्याआधीच्या तपासणीला आले. दोघे लांबून सायकल मारत आलेले, त्यात उशीर झाला म्हणून गेटपासून धावलेले. मी तसाच पट्टा बांधला, आला तो आकडा लिहिला, आणि डॉक्टरांनी त्यावर ‘अनफिट’ लिहून सही केली. त्यातला एक आठ दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांचा कागद घेऊन गेटवर उभा होता. प्रेशर अगदी व्यवस्थित होतं. पण तोवर त्याच्या जागी दुसरा लागला होता. त्या दिवशी मला डबा उघडवला नाही. तेव्हापासून पंधरा मिनिटं.

‘अनफिट’ या शब्दाची त्या काळी या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात किती धास्ती होती, हे आता सांगून कळायचं नाही. लोक गावं सोडून आलेले, नाहीतर गावाने जमीन कंपन्यांना दिलेली. धडधाकट माणसंसुद्धा माझ्यासमोर बाही वर करताना घामेजायची. काही जण हळूच म्हणायचे, “सिस्टर, जरा कमी लिहा ना.” मग मी त्यांची अशी काही हजेरी घ्यायची की बाहेर रांगेत उभे असलेले हसायचे. माझ्या वहीत खोटा आकडा येणार नाही, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे होणार नाही, याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान मला कुठे घेऊन गेला, ते आता सांगते.

रावेतहून एक टर्नर यायचा. तेव्हा रावेत म्हणजे पवनेकाठचं साधं खेडं. तिशी-पस्तिशीचा, उंच, काटक माणूस. घरी थोडी शेती, दोन म्हशी, आणि पहाटे धारा काढून सायकलवर पहिल्या पाळीला हजर. बोलणं फार कमी. लेथवर त्याचा हात चांगला होता, म्हणून जड आणि किचकट जॉब, म्हणजे कातायचे लोखंडी भाग, त्याच्याकडे यायचे.

एका सकाळी त्याच्या शेजारच्या मशीनवरचा फिटर त्याला धरून माझ्याकडे घेऊन आला. हा फिटर तळेगावचा मुसलमान, मोठा गप्पिष्ट माणूस, पण त्या दिवशी त्याने नुसतं खाटेकडे बोट दाखवलं. टर्नरचा चेहरा पांढराफटक पडला होता. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. दोन्ही हातांनी त्याने डोकं गच्च धरलं होतं. “डोकं फुटतंय, सिस्टर,” तो म्हणाला, “आन् छातीत कायतरी धाडधाड करतंय.” मी त्याला आडवं केलं, पट्टा बांधला. पारा दोनशेच्या वर गेला. धावत आलाय, घाबरलाय, होणारच, असं मी मनाशी म्हटलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर एकशेतीस. घाम वाळलेला, चेहऱ्यावर रंग आलेला, आणि तो ओशाळून उठून बसलेला. मी वहीत एकशेतीस लिहिलं आणि त्याला परत पाठवलं. मला तर मनातून बरंच वाटलं. बघा, माझ्या नियमामुळे एक माणूस अनफिट होता होता वाचला!

महिन्याभराने तो पुन्हा आला. नंतर पंधरा दिवसांनी. मग आठवड्यातून एकदा. दर वेळी तेच. पांढराफटक चेहरा, घाम, डोकेदुखी, छातीत धडधड, दोनशेच्या वर पारा, आणि पंधरा मिनिटांनी सगळं जिथल्या तिथे. वहीत त्याच्या नावापुढे एकशेतीस, एकशे अठ्ठावीस, एकशे चौतीस असे आकडे एकाखाली एक मांडले जात होते. आमचे डॉक्टर ती पानं बघून म्हणायचे, “यात काय आहे? उपाशी येत असेल.” मग मी त्याला सांगायची, “अहो भाऊ, सकाळी भाकरी खाऊन येत जा.” तो मान डोलवायचा.

शॉपमध्ये मात्र दुसरीच कुजबुज सुरू झाली. याला चक्कर कधी येते, तर जड जॉब चढवायचा असला की. वाकून जॉब उचलून चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, बसवायचा म्हटलं की हा खाली बसलाच. हलकं काम असलं की दिवसभर टुणटुणीत. सुपरवायझरने एकदा माझ्या दारात उभं राहून विचारलं, “सिस्टर, खरं सांगा, हा सोंग करतोय ना?” मी म्हटलं, “मला काय विचारता? वही बघा.” त्याने वही बघितली आणि त्याला हवं ते उत्तर त्यात मिळालं. पुढच्या आठवड्यात टर्नरच्या हातात कामचुकारपणाबद्दल ताकीद पडली. माझ्या खरेपणाचा आधार घेऊन.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी एकदाचं त्याला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. सोबत चिठ्ठी आणि वहीतल्या आकड्यांची माझ्या अक्षरातली नक्कल. तो दोन दिवसांनी परत आला तो झोपेच्या गोळ्या घेऊन. कागदावर लिहिलं होतं की तपासणीत काही आढळलं नाही, माणूस मनाने घाबरट दिसतो, झोप नीट व्हावी. घाबरट! ही बातमी शॉपभर व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. त्यानंतर तो पोरांच्या चेष्टेचा विषय झाला. जड जॉब आला की कुणीतरी ओरडायचं, “राव, सिस्टरला बोलवू का?”

आणि मी? मी त्यांच्याहून वाईट वागले. एका सकाळी दवाखान्यात गर्दी होती, एकाचं बोट चेपलेलं, एकाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला, आणि त्यात हा आला. मी चिडले. सगळ्यांसमोर म्हटलं, “खाट काय तुमच्या नावावर करून देऊ? इथे खरंच लागलेली माणसं आहेत.” तो भिंतीला टेकून खाली बसला, पंधरा-वीस मिनिटं तसाच बसून राहिला आणि उठून कामावर गेला. त्या दिवशी मी पट्टासुद्धा बांधला नाही. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं.

पुढे काही दिवसांनी त्याची बायको दवाखान्यात आली. गेटवरच्या वॉचमनशी भांडून आत शिरली होती. नऊवारी लुगडं गुडघ्याच्या जरा खाली खोचलेलं, पायांना शेतातली माती. मला वाटलं, नवऱ्याला बोलले म्हणून जाब विचारायला आली. मीही कंबर कसली. पण ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “बाई, आमच्या मालकास्नी काय झालंय ते खरंखरं सांगा.”

मी म्हटलं, “काही झालेलं नाही. पुण्याला दाखवलं ना? घाबरतात ते कामाला.”

“कामाला?” ती म्हणाली. “आवो, घरी बी येतं की. म्हशीखाली धार काढाया बसल्यात, पोट दाबून वाकल्यात, की आलंच. तांब्या हातातनं पडतो. तोंड चुन्यावानी. घरी कोन सायब हाय? बाई, म्हशीला कुनी सोंग दावतं का?”

इतकी वर्षं नर्स म्हणून मी किती हुशार होते, आणि एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. जड कामाचा संबंध नव्हताच. वाकण्याचा होता. वाकून पोटावर दाब आला की हे व्हायचं. लेथवर जॉब चढवताना वाकावं लागतं, म्हशीखालीही वाकावं लागतं.

मग ती हळू आवाजात आणखी सांगत गेली. अंगावरचं मांस उतरलं. चढावर सायकल हातात धरून चालतात. पंधरा दिवस झाले, उताणं झोपता येत नाही, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी घेतात. संध्याकाळी पाय सुजतात, बोट दाबलं तर खळगा पडतो. दम लागणं, पाय सुजणं, हे मनाचे खेळ नसतात. हे हृदय थकल्याचं लक्षण आहे, एवढं तर पहिल्या वर्षाच्या नर्सलाही कळतं. मी तिला विचारलं, तुम्ही आधी का आला नाहीत? ती म्हणाली, “ते येऊ देत नव्हते. दवाखान्यात कुनाला काय बोलायचं न्हाई म्हनायचे.” याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं, माझ्या तोंडाला भितात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेशरचं मशीन काखेत मारून शॉपमध्ये गेले. नर्स शॉपमध्ये येणं म्हणजे अपघातच, म्हणून चार जण धावत आले. त्यांना मी पिटाळून लावलं आणि टर्नरच्या लेथशेजारी उलट्या खोक्यावर बसले. सुपरवायझर जवळ आला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. दोन तास काही झालं नाही. मग एक ओतीव जॉब आला. टर्नर आणि तो तळेगावचा फिटर, दोघांनी मिळून तो उचलला. टर्नर मशीनवर ओणवा झाला, जॉब चकात सरकवला, आणि तिथेच थांबला. हात पान्यापर्यंत गेलाच नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

फिटरने त्याला खाली बसवलं. मी तिथेच, तेलकट जमिनीवर, पट्टा बांधला. वाट बघायची नाही, असं रात्रीच ठरवलं होतं. पारा चढवत गेले, चढवत गेले. दोनशे साठला पहिला ठोका ऐकू आला. मी माझ्या कानावर विश्वास ठेवला नाही, पुन्हा बघितलं. दोनशे पन्नास. खालचं एकशे चाळीस. नाडी मोजता मोजता चुकत होती. दर दोन मिनिटांनी मी बघत होते आणि आकडा खडूने लेथच्या पत्र्यावर लिहीत होते, कारण वही आणायचं भान कुणाला? दोनशे तीस, दोनशे दहा, एकशे ऐंशी. शेवटी, बरोबर पंधरा-सोळा मिनिटांनी, एकशे छत्तीस. माझ्या वहीतला आकडा. इतके महिने मी वादळ संपेपर्यंत थांबायचे आणि मग ‘हवा शांत आहे’ असं लिहून ठेवायचे.

डॉक्टरांनी पत्र्यावरचे ते आकडे उतरवलेला कागद बघितला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही स्वतः जा याच्याबरोबर.” कंपनीच्या जीपमधून आम्ही पुण्याला गेलो. तो, त्याची बायको आणि मी.

तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी जुनी नक्कल काढली आणि नव्या कागदाशेजारी ठेवली. “वर्षभर नॉर्मल आणि एकदम हे?” ते म्हणाले. “तुमचं मशीन बिघडलं असेल.”

टर्नरला तेव्हा छातीच्या फोटोसाठी नेलं होतं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. नियम, पंधरा मिनिटं, पहिला आकडा, जो मी प्रत्येक वेळी बघितला आणि कधीच लिहिला नाही. वाटलं होतं, हा माणूस आता मला फाडून खाईल. नोकरीही जाईल. पण ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “म्हणजे दर वेळी वाढायचं? प्रत्येक वेळी?” मी म्हटलं, “प्रत्येक वेळी.” त्यांनी टेबलावर हात आपटला आणि धावतच बाहेर गेले, आपल्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला.

पुढचे दिवस तपासण्यांचे होते. चोवीस तासांची लघवी एका मोठ्या बाटलीत साठवायची, त्याआधी चहा, कॉफी, केळी बंद. बायको बिचारी बाटलीपाशी राखण करत बसायची, कुणी सांडेल म्हणून. शिरेतून औषध देऊन फोटो काढले, त्यात डावं मूत्रपिंड खाली ढकललेलं दिसलं. त्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी असते. अंगावर साप पडावा आणि आपण दचकावं, छाती धडधडावी, यासाठी लागणारा रस ती बनवते. याच्या त्या ग्रंथीत गाठ झाली आहे. वाकलं, दाब आला, की गाठ तो रस रक्तात ओतते. साप नाही, वाघ नाही, तरी शरीर घाबरतं. रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर टोकाला जातं, आणि हृदय त्याच्याविरुद्ध जीव खाऊन धडधडत राहतं.

बायको म्हणाली, “म्हंजी भ्या त्येंच्या मनात नव्हतं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले, “गाठीत होतं.”

ती तोंडाला पदर लावून रडली. मला कळलं, तिनेही घरी त्याला कधीतरी बोलून घेतलं असणार.

पण खरी काळजी गाठीची नव्हतीच, हृदयाची होती. छातीच्या फोटोत ते फुगलेलं दिसत होतं. एवढा मार सोसून त्याचा स्नायू सैल पडला होता. गाठ काढली नाही तर असाच एखादा झटका त्याला घेऊन जाणार. आणि काढायची तर हे असलं हृदय ऑपरेशन सोसेल का, ते कुणी छातीठोकपणे सांगेना. गाठीला हात लागला की प्रेशर आभाळाला भिडतं आणि गाठ निघाली की तळाला जातं, असं आम्हाला सांगितलं होतं.

म्हणून आधी जवळजवळ तीन आठवडे तयारी केली. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या कॅप्सूल मुंबईहून मागवाव्या लागल्या. त्या घेतल्या की त्याचं नाक चोंदायचं आणि उभा राहिला की तोल जायचा, पण झटके कमी झाले. मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जायचे. तो उशांना टेकून बसलेला असायचा, म्हशींना वैरण कोण घालतं ते बायकोला विचारायचा. मला बघितलं की “कशाला येवढ्या लांब आलात?” एवढंच. मी दर वेळी ठरवून जायचे की आज माफी मागायची, आणि दर वेळी फळं ठेवून परत यायचे. तोंडाची एवढी तिखट बाई, पण ते एक वाक्य काही तोंडातून निघेना.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. मी बाहेर बाकावर त्याच्या बायकोशेजारी बसले होते. शॉपमधले सात-आठ जण रक्त द्यायला आले होते, त्यात तो तळेगावचा फिटर सगळ्यात पुढे. ‘सिस्टरला बोलवू का’ म्हणून ओरडणारेही होते, आणि आता ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. बायकोने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. तिचा जीव टांगणीला लागलेला होता आणि ती धीरासाठी माझा हात धरत होती, माझा, हे मला सहन होत नव्हतं.

दुपारी तरुण डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. लिंबापेक्षा थोडी मोठी, तपकिरी. गाठीची शीर बांधल्याबरोबर प्रेशर इतकं खाली गेलं की पाऊण तास ते रक्त आणि सलाईन चढवत होते. “आता टिकलंय,” ते म्हणाले. “हृदयाने साथ दिली.” बायको तिथेच फरशीवर बसली. फिटर मागे वळून डोळे पुसत होता.

तीन-चार महिन्यांनी तो कामावर आला. पायांची सूज गेली होती, उताणं झोपता येत होतं. छातीच्या फोटोत हृदय पुष्कळसं आक्रसलेलं दिसलं. अशा आजारात गाठ गेली की हृदय बऱ्याचदा सावरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पूर्ण नाही सावरलं. मी एकटीने जाऊन त्यांना विचारलं, वर्षभर आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, “तर बहुतेक पूर्ण सावरलं असतं.” खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, पण मीच त्यांना खरं सांगायची सवय लावली होती.

कंपनीने त्याला लेथवरून काढून टूल रूममध्ये बसवलं. बसल्या जागी हत्यारं द्यायची, परत घ्यायची. ताकीद त्याच्या कागदांतून काढून टाकली. महिन्यातून एकदा तो माझ्याकडे यायचा. नियम मी बदलला होता. आता पहिला आकडाही वहीत, दुसराही वहीत, आणि मधली वेळसुद्धा. दर महिन्याला त्याचं प्रेशर अगदी सरळ असायचं. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मात्र दम लागायचा, आणि तो आवाज माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा.

दीड-दोन वर्षं अशी गेली. एका दुपारी दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. पट्टा सोडता सोडता मी एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, “भाऊ, तुम्ही आजारी होता तेव्हा तुमचं प्रेशर दर वेळी वाढलेलं मला दिसायचं. मी ते वहीत लिहिलं नाही. म्हणून तुमचं हृदय असं राहिलं. चूक माझी आहे.”

तो अजिबात दचकला नाही. “ठावं हाय मला,” म्हणाला.

“ठावं आहे? कसं?”

“मशीन माज्या डोक्यापाशीच आसायचं की वो. पारा कुठवर चढतोय ते दिसायचं मला. दोनशेच्या वर गेल्याला म्या सोता बघितलाय. आन् मागनं तुमी मान खाली घालून एकशेतीस लिवायच्या.”

“मग बोलला का नाहीत?”

तो हसला. मी त्याला फार वेळा हसताना बघितलं नव्हतं. “काय बोलनार? दोनशे लिवलं आसतं तर अनफिट झालो आसतो न्हवं. म्या घरी म्हनायचो, सिस्टर वरनं कडक हायत, पर आपल्याला सांभाळून घेत्यात. मुद्दाम मोटा आकडा सोडून कमी लिवत्यात आपल्यासाटी. मंडळीला बी ताकीद दिल्याली, दवाखान्यात जाऊन कुनाला काय बोलू नगं. पुन्याच्या डाक्टरांनी पयल्या खेपेला इचारलं, आदी कवा प्रेशर वाढल्यालं बघितलंय का. म्या सपशेल न्हाई म्हनलं. खोटं लिवलं म्हनून तुमची नोकरी गेली आसती.”

हा माणूस छाती फुटत असताना पुण्याच्या डॉक्टरांसमोर खोटं बोलला होता, मला वाचवायला. आणि मी तर त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. क्षणभर वाटलं, असू दे. त्याच्या मनात मी चांगली आहे तर तशीच राहू दे. कुणाचं काय जातंय? पण एवढं झाल्यावरही मी गप्प राहिले असते तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

“नाही हो भाऊ,” मी म्हटलं. “मी सांभाळत नव्हते. मी खोटं लिहीत नव्हते. तुम्ही धावत आलात म्हणून वाढलं असेल, असंच मला वाटायचं. मला कळलंच नव्हतं.”

त्याचं हसू चेहऱ्यावरून हळूहळू गेलं.

“आसं व्हय,” तो म्हणाला, आणि वर केलेली बाही खाली ओढायला लागला. मनगटाचं बटण त्याला काही लागेना. दोनदा सुटलं. मी पुढे होऊन ते लावून दिलं, आणि त्याचा हात तसाच धरून, भर पाळीत, दार उघडं असताना, रडले.